फॉलोअर १८ हजार, मसाला घेणारे मात्र तेच चाळीस

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४१. सासूबाईंच्या हातचा कांदा-लसूण मसाला त्या २०२१ पासून विकतात. आधी नात्यागोत्यात, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि पुढे पुतण्याने इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलं. गेल्या उन्हाळ्यात कांडप यंत्रावर मिरची कुटतानाची एक रील तुफान चालली. व्ह्यूज नऊ लाखांवर गेले, फॉलोअर दोन हजारांवरून १८ हजारांवर. पाठोपाठ एक किलो मसाला फुकट देण्याची स्पर्धाही घेतली. तरी महिन्याच्या ऑर्डरी पूर्वी चाळीसच्या आसपास होत्या, आजही तेवढ्याच. कमेंटमध्ये लोक ‘प्राइस?’ विचारतात, पुतण्या ‘डीएम करा’ (म्हणजे खासगी मेसेज पाठवा) लिहितो, पुढे काहीच होत नाही. एकाने ‘आमच्याकडे हाच मसाला चारशेला मिळतो’ असं लिहिलं, ते ताईंनी रागाने डिलीट केलं. त्यांचा भाव किलोला ७२० रुपये, खर्च जाऊन हातात राहतात १८० च्या आसपास. आता एक एजन्सी महिना १५ हजार रुपये घेऊन तीन महिन्यांत ५० हजार फॉलोअर करून देतो म्हणते. पुतण्या म्हणतो रोज ट्रेंडिंग गाण्यावर रील टाकू. नवरा म्हणतो बंद कर हे सगळं. ताई विचारतात, “एवढी माणसं आपल्याला बघतात, मग घेत का नाहीत? मी कुठे कमी पडते? एजन्सीला पैसे देऊ का?”

ताई,

पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही कंसात एक ओळ लिहिली आहे: ‘चाळिसातली तीसेक गिऱ्हाइकं तीच तीच, नवीन कुणी फारसं येत नाही.’ ही ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत, पण मला विचाराल तर अख्ख्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच. एखादं घर पहिल्यांदा मसाला घेतं ते चव बघायला, नाहीतर ओळखीच्या भिडेने. दुसऱ्यांदा घेतं ते आवडला म्हणून. तिसऱ्यांदा घेतं तोवर त्या घराच्या जिभेला तुमच्या मसाल्याची सवय झालेली असते; दुसरं पाकीट आणलं की पोरं ताटावरूनच विचारतात, ‘आज आमटीत काय वेगळं घातलंय?’ अशी तीस घरं तुमच्यापाशी आहेत. एजन्सी काय सांगते ते नंतर बघू, आधी या तीस घरांना बाजूला काढून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरणार आहे.

आता १८ हजारांचं बघू. तुम्ही धरून चालला आहात की ही सगळी माणसं तुमच्या दारापर्यंत आली आहेत आणि आत शिरत नाहीत, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. पण ती आली कशी? तुम्ही लिंक पाठवली होती, ती रील मी पाहिली. लालभडक मिरची, यंत्राचे ठोके, उडणारी पूड आणि कॅमेऱ्यामागे कुणाला तरी आलेला जबरदस्त ठसका. बघायला मजा येते, शेवटपर्यंत बघवते. पण हा मसाला कुणाचा, कुठल्या गावचा, कशात घालायचा, कितीला मिळतो, यातलं काहीही तीत नाही. जत्रेत मौत का कुआँभोवती जेवढी गर्दी असते तेवढी शेजारच्या भांडीवाल्याकडे नसते, म्हणून भांडीवाला काही आपली भांडी वाईट ठरवत नाही. तुमच्याकडे गर्दी आली ती खेळ बघायला.

स्पर्धेचं तर विचारूच नका. ‘पेज फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा आणि जिंका’ म्हटलं की आज मसाला, उद्या कुर्ती, परवा मिक्सर असं जिंकत फिरणारी एक जमात हजर होते. त्यांना नावं ठेवायची नाहीत, तुम्हीच बोलावलंत. फक्त त्यांच्याकडून ऑर्डरची अपेक्षा सोडा.

तर मग घेणारे आहेत कोण? याचं उत्तर फोनमध्ये शोधण्याआधी ऑर्डरच्या वहीत शोधा. एक दुपार काढा आणि दिवाळीपासूनच्या सगळ्या ऑर्डरी समोर घ्या. प्रत्येक नावापुढे गाव कुठलं, किती घेतला, कितव्यांदा घेतला आणि आपल्याबद्दल कुणाकडून कळलं, एवढं लिहा. शेवटची गोष्ट बहुतेकांची तुम्हाला माहीत नसेल. मग फोन करा. सगळ्यांना नको, आठ-दहा जणींना पुरे. ‘मसाला कसा वाटला?’ असं विचारू नका, त्यावर सगळ्या ‘छान आहे’च म्हणणार. कशात घालता, एक किलो किती दिवस पुरतो, घरात कुणाला तिखट लागतो का, कुणाला चाखायला दिलात का, असं विचारा. बायका या विषयावर भरभरून बोलतात. पेन हातात असू द्या.

तुमच्या पत्रातल्या गावांच्या नावांवरून मला तरी दोन अगदी निराळी गिऱ्हाइकं दिसतात. एक कोपरखैरणे, घणसोलीकडचं. सातारा, पाटण, जावळीची माणसं माथाडीच्या कामाला मुंबईत गेली आणि पुढे त्यांची घरं तिकडे नवी मुंबईत झाली. त्या घरांत कांदा-लसूण मसाला म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्यांना वर्षाचा मसाला हवा असतो, तीन-चार किलो, उन्हाळ्यात, एकदम. गावची आत्या करून पाठवायची, ती आता थकली, म्हणून ते तुमच्याकडे आले. दुसरं गिऱ्हाईक पुण्यातलं, हिंजवडी-वाकडकडचं, नवरा-बायको दोघं नोकरीला. ते पाव किलो घेतात, आणि अर्धा किलो चिकनला चमचे किती घालायचे हे त्यांना खरोखरच माहीत नसतं. पहिल्याला विश्वास हवा की चव गावचीच आहे. दुसऱ्याला सोय हवी. दोघांना एकच पोस्ट दाखवून भागत नाही. तुमच्या पानावर या दोघांपैकी एकासाठीही काही नाही, नुसती मिरची उडते आहे.

(पत्रात एक तिसरंही आहे, तुम्ही ओझरता उल्लेख केलाय: मुलाकडे परदेशी निघालेले आई-वडील, बॅगेत दोन किलो मसाला न्यायचा म्हणून घट्ट पॅकिंग मागणारे. संख्या लहान आहे, पण ही मंडळी भाव करत नाहीत आणि नेतात त्यापेक्षा दुप्पट लोकांना सांगतात.)

वहीचं झालं की मग पुतण्याला बोलवा. अकाउंट ‘प्रोफेशनल’ केलेलं आहे का ते बघायला सांगा. नसेल तर सेटिंगमधून बदलता येतं, पैसे पडत नाहीत. त्यानंतर ‘इनसाइट्स’मध्ये फॉलोअर कुठल्या शहरांतले, कुठल्या वयाचे, बायका किती, पुरुष किती, कुठल्या वेळी ऑनलाइन असतात हे दिसू लागतं. ही यादी वहीशेजारी ठेवा. कांडपाच्या रीलला भाषा लागत नाही, ती लखनौला आणि जयपूरलाही तितकीच बघितली जाते, तेव्हा वरच्या शहरांत तुमच्या वहीत नसलेली नावं निघाली तर दचकू नका. तिथल्या माणसाला कांदा-लसूण मसाल्याची गरजच नाही, त्यात तुमचा दोष काय? नवी मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर मिळून जे उरतात ते तुमचे. ते १८ हजारांतले दीड-दोन हजारच निघाले, तरी चाळीस ऑर्डरींच्या धंद्याला ते भरपूर झाले.

आता किंमत. यावर मी जरा ठासून बोलणार आहे, कारण ही खोड फक्त तुमच्या पुतण्याची नाही, साड्या, दागिने, केक, रांगोळ्या विकणाऱ्या अर्ध्या पेजांची आहे. ‘प्राइस?’ असं चारचौघांत विचारणारी बाई आधीच अर्धी तयार झालेली असते. तिला तुम्ही ‘डीएम करा’ म्हणता, म्हणजे आत एकटीला बोलावता. आपल्याकडे भाव विचारून न घेता परत फिरणं अवघड वाटतं. दुकानात तर बायका त्यासाठी ‘ह्यांना विचारून येते’ म्हणतात. डीएममध्ये तीही सोय नाही. महाग निघाला तर नाही कसं म्हणायचं या संकोचाने ती मेसेजच करत नाही. आणि लपवून मिळतं काय? पाकिटावर वजन, किंमत, तारीख, तुमचा पत्ता आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा) नंबर छापायचाच असतो. जे पाकिटावर छापलंय ते पोस्टवर लिहायला हरकत कसली? पाव किलो, अर्धा किलो, किलो असे तीनही भाव लिहा, पुण्या-मुंबईला कुरिअरचे किती तेही लिहा. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट पिन करता येतात, म्हणजे पेजवर कायम सगळ्यात वर ठेवता येतात, त्यातली पहिली हीच असू द्या: भाव, मागवायचं कसं, किती दिवसांत पोचतो. जुन्या रीलखाली ज्यांनी ज्यांनी किंमत विचारली होती त्यांना आजही तिथेच उत्तर द्या. उशीर झाला तरी चालेल.

चारशेवाल्या कमेंटवर तुम्हाला राग आला हे मी समजू शकते. कांदा चिरून डोळे लाल झालेल्या बाईला ‘महाग’ हा शब्द झोंबणारच. पण ती कमेंट म्हणजे आयती चालून आलेली संधी होती. त्याच्याखाली असं काहीतरी लिहिता आलं असतं: “हो दादा, चारशेलाही मिळतो. आमच्यात बेडगी रंगाला आणि लवंगी तिखटाला. कांदा चार दिवस उन्हात वाळवून मग तेलात तळतो, सुकं खोबरं आणि खसखस हात आखडून घालत नाही. म्हणून ७२० पडतो. पाव किलो घेऊन बघा, नाही आवडला तर मोकळेपणाने सांगा.” त्या दादांनी घेतला नाही तरी चालेल. त्याच्यामागून येणाऱ्या पन्नास जणी हे वाचतात, आणि त्यांच्या मनात आलेला पण न विचारलेला प्रश्न परस्पर सुटतो. पाकीट फुटलं, मसाल्याला वास आला, अशी खरी तक्रार आली तर तिथेच एक ओळीत ‘चूक झाली, नंबर द्या, फोन करते’ म्हणा आणि बाकीचं फोनवर मिटवा. शिवीगाळ, जातीवरून, बायांच्या अंगावरून काही लिहिलं असेल तर मात्र क्षणभरही विचार न करता उडवा आणि ब्लॉक करा. तिथे सौजन्य दाखवायची काही गरज नाही.

‘रोज काय टाकायचं?’ हा पुतण्याचा खरा प्रश्न आहे, ट्रेंडिंग गाणं हे त्याने स्वतःपुरतं शोधलेलं उत्तर. पण मसाला विकणाऱ्याला विषय पंचांगच पुरवतं. आता मिरचीचा हंगाम दारात आहे. पुढचे तीन महिने बाजारातून आलेली पोती, देठं खुडणाऱ्या बायकांची पंगत, गच्चीवरचं वाळवण आणि ‘यंदा मिरचीचा भाव काय लागला’ हे सरळ दाखवा. भाव चढला असेल तर तेही सांगा, म्हणजे तुमचे पाच-पंचवीस रुपये वाढले तर लोकांना ते का वाढले ते कळेल. याच काळात वर्षाच्या मसाल्याचं आगाऊ बुकिंग घ्या. धुळवडीचं मटण आहे, चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा आहेत, त्यांच्या आठ दिवस आधी तुमची आठवण लोकांना व्हायला हवी. आषाढात गटारी. त्या दिवशी सकाळी ‘गटारी स्पेशल’ टाकून उपयोग नाही, कुरिअरला तीन-चार दिवस लागतात. श्रावण लागला की कितीतरी घरांत सामिष बंद, चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा-लसूणही बंद. तेव्हा त्यांच्यासमोर कांदा-लसूण मसाला नाचवण्यात अर्थ नाही. सासूबाई गोडा मसाला करत असतील तर तो त्या दिवसांत पुढे काढा, नसतील करत तर चक्क गप्प बसा. त्यानंतर गणपती, आणि काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, ती घरं तुमच्या वहीत कुठली ते तुम्हाला फोनवरच्या गप्पांत कळलेलं असेल.

आणि लोकांना विचारा. स्टोरी २४ तासांत जाते, तिच्यात मत घ्यायची सोय असते, तिचा वापर ‘कशी वाटली रील?’ असल्या पोकळ प्रश्नाला करू नका. ज्या उत्तराने तुमच्या कामात खरंच फरक पडेल असा प्रश्न टाका. ‘झणझणीत हवा की मध्यम?’ असं विचारलंत आणि मध्यमला बरीच मतं पडली, तर खरोखर मध्यम तिखटाचा एक छोटा घाणा काढा आणि ज्यांनी मत दिलं त्यांना कळवा की तुम्ही म्हणालात म्हणून केलाय. दिलेल्या मताचं पुढे काही झालेलं दिसलं की माणूस दुसऱ्यांदा बोलतो. एरवी बोटाने दाबून पुढे जातो. दुसरा हमखास प्रश्न, ‘तुमच्याकडे वर्षाचा मसाला कोणता?’ बघा काय होतं. नगर-मराठवाड्याकडचे येसूर म्हणतील, विदर्भातले काळा मसाला, कोकणातले मालवणी, ठाणे-रायगडवाले आगरी-कोळी, आणि पुण्याची एखादी काकू गोड्या मसाल्यापुढे बाकी सगळ्यांना मोडीत काढेल. भांडू द्या. कोण कुठला आहे, कुणाच्या घरात काय शिजतं, ही माहिती कुठल्याही इनसाइट्समध्ये मिळत नाही आणि इथे ती लोक आपण होऊन देतात.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्या पुतण्यासाठी. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितलं होतं की पोस्ट कुणापर्यंत पोचवायची हे ठरवताना लोक ती किती वेळ बघतात, लाइक करतात का आणि दुसऱ्याला पाठवतात का, या तीन गोष्टींना सर्वांत जास्त महत्त्व असतं, आणि नव्या माणसांपर्यंत जायचं तर पाठवण्याला जास्त. तेव्हा रील काढताना त्याने एवढंच विचारावं: हे कोण कुणाला पाठवेल? ट्रेंडिंग गाण्यावरची मिरची कुणी कुणाला पाठवत नाही. ‘एक किलो मटणाला मसाला किती, कांदा किती, पाणी कधी घालायचं’ हे सासूबाईंच्या आवाजात असेल तर नवी सून ते आपल्या बहिणीला पाठवते, होस्टेलवरचा मुलगा रूमवरच्या मित्रांना. सासूबाईंना चेहरा दाखवायचा नाही असं तुम्ही लिहिलंय. मुळीच दाखवू नका. हात आणि आवाज पुरे. त्या बोलतात तशाच बोलू द्या, पुस्तकी मराठीत वाचून दाखवायला लावू नका.

रोज एक रील लागत नाही. आठवड्याला दोन नीट झाल्या तरी खूप. उरलेला वेळ व्हॉट्सअ‍ॅपला द्या, कारण तुमचा गल्ला तिथे आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं. ‘वर्षाचा मसाला’, ‘पाव किलोवाले’, ‘परदेशी’ अशी तुमची लेबलं करा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज प्रत्येकीला वेगळा पाठवायच्या यादीत) एका वेळी २५६ जण बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाका: ‘हा नंबर सेव्ह करा, नवा घाणा निघाला की कळवू.’ सगळ्यांना धरून ग्रुप मात्र करू नका. एकीचा नंबर दुसरीला दिसतो, मग तिथे कुणीतरी साड्या विकायला लागतं आणि शिव्या तुम्हाला बसतात. कळवायचं तेही महिन्यातून दोनदा, सणाला एखाद्या वेळी जास्त. रोजच्या गुलाबाच्या फुलांनी माणसं नंबर म्यूट करतात.

नंबरांची ही यादी वहीतही उतरवून ठेवा. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली तेव्हा आपल्याच गावागावांतल्या कितीतरी जणांचे लाखालाखांचे फॉलोअर एका रात्रीत गेले. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते त्यांचा धंदा चालू राहिला.

ज्यांचा धंदा मसाल्याचा नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ब्लाउज शिवणारी, पार्लरवाली, शिकवणी घेणारी, यांना कुरिअर नसतं; गिऱ्हाईक चालत किंवा स्कूटीवर येणार. त्यांनी तर इनसाइट्समध्ये आपल्या शहराचा आकडा सोडून दुसरं काही बघूच नये. गावातले तीनशे फॉलोअर असलेलं पार्लर भरलेलं असू शकतं.

घरातल्या दोघांबद्दल. पुतण्याला रागावू नका. त्याने रील काढून एवढी गर्दी जमवली, ही काही लहान गोष्ट नाही. फक्त त्याला नेमकं काम द्या: दोन रील, कमेंटना त्याच दिवशी उत्तर, किंमत उघड. यजमानांचं म्हणणंही पूर्ण खोटं नाही. रात्री अकरा वाजता जेवण झाल्यावर तुम्ही लाइक मोजत बसता असं तुम्हीच लिहिलंय. ते बंद करायला हरकत नाही. त्यांना एक मुदत द्या, मेअखेरपर्यंतची. हंगाम संपला की वही पुन्हा उघडायची आणि तीनच गोष्टी बघायच्या: दुसऱ्यांदा घेणारी घरं किती वाढली, वर्षाच्या मसाल्याचं बुकिंग किती झालं, आणि नव्यांपैकी कितीजणी ‘अमकीने सांगितलं’ म्हणून आल्या. फॉलोअरचा आकडा त्या दिवशी बघू नका. या तीन आकड्यांत काहीच हललं नसेल तर इन्स्टाग्रामवर पिन केलेल्या तीन पोस्ट ठेवून रील थांबवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धंदा करा. त्यात कमीपणा काही नाही.

राहता राहिली एजन्सी. महिना १५ हजार म्हणजे किलोमागे १८० रुपयांच्या हिशेबाने ८४ किलो जादा मसाला, दर महिन्याला, तोही फक्त त्यांचे पैसे भरून निघायला. तुमचा आजचा महिन्याचा खप ४० किलोच्या आसपास आहे. सासूबाईंचं वय, तुमची गच्ची आणि कांडपवाल्याकडची रांग बघता ८४ किलो जादा तुम्ही कराल तरी कशा? ५० हजारांचं आश्वासन देणारे बहुधा विकतचे फॉलोअर घालतात, त्यांतल्या कितीकांमागे माणूसच नसतो. ते तुमच्या पोस्टकडे ढुंकून बघत नाहीत, आणि फॉलोअरच बघत नाहीत म्हटल्यावर इन्स्टाग्राम ती पोस्ट खऱ्या माणसांनाही कमी दाखवायला लागतं. पैसे खर्चायचेच असतील तर हंगामात दीड-दोन हजारांची जाहिरात स्वतः करा, भाव लिहिलेल्या पोस्टची, आणि ठिकाण म्हणून फक्त पुणे आणि नवी मुंबई निवडा. आणि एजन्सीवाल्यांचा पुन्हा फोन आलाच तर त्यांना एवढंच विचारा, की तुम्ही आणून देणार त्या ५० हजारांतले पुण्याचे किती आणि कोपरखैरण्याचे किती. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.